मुलीकडून कोण बोलणार?

नाना,

परवा मला तुमच्या जागी बसवलं. जळगावात, एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, पांढरं कापड घातलेल्या खुर्च्यांवर माझ्या नातीच्या, म्हणजे तुमच्या पणतीच्या, लग्नाची बैठक झाली. समोरच्यांनी विचारलं, "मुलीकडून कोण बोलणार?" आणि माझ्या मुलाने माझ्याकडे हात केला. घरून निघताना त्याने मला बजावलंही होतं. "आई, तूच बोल, तुझ्यापुढे कुणाचं चालत नाही. फक्त जरा गोड बोल." गोड बोलायला मी काय गुळाची ढेप आहे? तरीही चांगली साडी नेसून गेले आणि बसले. विवाहमंडळाची एक मुलगी हातातल्या टॅबवर बोट फिरवत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅम, ब्राइड साइडच्या स्पोक्सपर्सन तुम्ही ना?" मी म्हटलं, "मी आजी आहे." ती म्हणाली, "हो, पण रोल काय लिहू?" हल्ली नात्यालाही रोल लागतो.

तुमच्या वेळी या कामाला नाव किती साधं होतं. आपल्या गावात, पाचोऱ्यात, जामनेरपर्यंत कुठेही लग्न जमत असलं किंवा मोडायला आलं असलं, की माणूस सायकलवर यायचा आणि ओट्यावरून हाक मारायचा, "नाना, मधमा बसनं शे." मधे बसायचं आहे, एवढंच. तुम्ही शेतातून आलेले असायचात, केळीच्या चिकाने सदरा काळा पडलेला असायचा. हातपाय धुऊन, टोपी घालून तुम्ही निघायचात. मधला माणूस. पुढे शाळेत, कचेरीत, वर्तमानपत्रात मला त्यासाठी कितीतरी शब्द भेटले. मध्यस्थ, प्रतिनिधी, वकील, मुखत्यार, कैवारी. बाजार समितीत अडत्या आणि दलाल. शब्द टाकणारा, रदबदली करणारा, भीड घालणारा. एकेका शब्दाला वेगळा वास येतो. दलाल म्हटलं की लोक खिसा चाचपतात, वकील म्हटलं की पाय मागे घेतात, प्रतिनिधी म्हटलं की तो पाच वर्षांनीच दिसणार हे गृहीत धरतात. आणि आता हे प्रवक्ते आले आहेत. संध्याकाळी टीव्ही लावा, चौकोनाचौकोनात बसून एकमेकांवर ओरडत असतात. कुणाच्या वतीने ओरडताय, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का, असं मी त्या पेटीला विचारते. सून म्हणते, "आई, त्यांना ऐकू जात नाही." मला माहीत आहे, बाई. समोर बसलेल्यांनाही जात नाही.

तुमची पद्धत निराळी होती. मुलीच्या बापाने बैठकीत तोंड उघडायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. तो सतरंजीच्या एका टोकाला बसून राहतो आणि त्याच्या बाजूने दुसरं कुणीतरी बोलतं. लहानपणी मला त्याचा संताप यायचा. बापाला जीभ नाही का? मी जळगावला सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकत होते आणि तिथे नेमकं हेच वाक्य रोज कानावर पडायचं. शेजारच्या मुलीची वही राहिली असेल आणि मी उभी राहून सांगायला गेले, "सिस्टर, तिची वही..." की सिस्टर चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारायच्या, तिला जीभ नाही का? मग त्या मुलीलाच उभं राहावं लागे. रडत का होईना, आपलं आपण सांगावं लागे. शनिवारी मी गावी यायचे आणि घरी बघावं तर सगळं उलटं. इथे स्वतःचं स्वतः बोलेल तो उद्धट. मी तुम्हाला एकदा विचारलं तेव्हा तुम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलत होतात. म्हणालात, "ज्यानं दुखस, त्यानी बोलानं नही. तो एक तं रडस, नही तं भांडस." ज्याचं दुखतं तो एक तर रडतो, नाही तर भांडतो. म्हणून बोलायला असा माणूस लागतो ज्याचं दुखत नाही, पण ज्याला दुखणं कळतं. हे तेव्हा मला पटलं नव्हतं. सिस्टरांचं जास्त पटत होतं, कारण त्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे होते आणि बोलण्यात खाडाखोड नव्हती.

मला त्या शाळेत तुम्हीच घातलंत, यावरून गावात तुमची किती चेष्टा झाली ते आई सांगायची. पोरीला पाद्रीण करायचीय का, असं लोक विचारायचे. आईला खरं कारण माहीत होतं. कुठल्याशा गावी नांदायला न जाणाऱ्या एका मुलीची बैठक होती. तुम्ही दाराआडच्या त्या मुलीला विचारलंत, "पोरी, तुले काय पाहिजे?" उत्तर तिच्या आईने दिलं. पुन्हा विचारलंत, आत्याने दिलं. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा आतून नुसता बांगड्यांचा आवाज आला. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन माझं नाव घालून आलात. आईला त्याचंही कौतुक नव्हतं. ती चुलीपुढून फुंकणी हलवत म्हणायची, "बठ्ठा गावनं तू बोलस. मनं कोन बोलस?" गावभराचं बोलतोस, माझं कोण बोलतं? तुम्ही तिच्या ताटातली भाकरी मोडून खायचात आणि हसायचात.

बैठकीत तुम्ही मुलीच्या बापाच्या शेजारी कधीच बसत नव्हतात. त्याच्या बरोबर समोर बसायचात, त्याचा चेहरा दिसला पाहिजे म्हणून. आणि आधी त्याला एक खूण सांगून ठेवायचात. समोरच्यांनी एखादी अशी गोष्ट मागितली जी तुला मान्यच नाही, तर काही बोलू नको, टोपी काढून मांडीवर ठेव. टोपी मांडीवर आली की तुम्ही पाणी प्यायला उठायचात, बोलणं तिथेच थांबायचं आणि पुन्हा बसल्यावर गाडी दुसऱ्या रस्त्याने जायची. पोरीच्या बापाची लाजही राहायची आणि त्याचं म्हणणंही. ही खूण मला तेव्हा माहीत नव्हती. बायकांना कशाला माहीत असेल? आम्ही दाराआड होतो.

आता माझ्या बैठकीचं. मी जळगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागून फार दिवस झाले नव्हते. कानाला हेडफोन, समोर भोकंभोकं असलेला बोर्ड, हातात दोऱ्या. "हॅलो धुळे, जळगाव बोलतेय, नंबर घ्या." सिस्टरांचं इंग्रजी तिथे उपयोगी पडलं. पगार हातात यायचा त्यापेक्षा मला जास्त आवडायचं ते हे, की साहेबलोकही माझ्या आवाजासाठी थांबून राहायचे. धुळ्याचं स्थळ आलं. घर चांगलं होतं, मुलगा शांत होता. ऐन वैशाखात आपल्या ओसरीवर बैठक बसली. तुम्ही मुलीचे बाप, म्हणजे तुम्ही मुके. तुमच्या बाजूने बोलायला पहूरचे आबा आले. तुमचे मावसभाऊ, कापसाच्या बाजारात दलाली करणारे, तुमच्याच हाताखाली बैठका बघून तयार झालेले. आत वरण-बट्टीची तयारी चालली होती. तूप कढत होतं आणि मी फटीतून बघत होते. मुलाचे काका म्हणाले, "आमच्या घरात सुना नोकरी करत नाहीत. लग्नानंतर ते टेलिफोनचं बंद." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टोपी काढलीत, मांडीवर ठेवलीत, आणि डोक्यावरून हात फिरवत गप्प बसलात. पहूरचे आबा म्हणाले, "मंजूर." सुपारी फुटली. मी आत जाऊन तुपाचं पातेलं असं आपटलं की आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

मी तेव्हा काय पाहिलं? एक बाप, ज्याने परक्यांच्या पोरींसाठी पायाची कातडी झिजवली, तो आपल्या पोरीच्या वेळी टोपी काढून आरामात बसला. हेच मी पाहिलं आणि हेच धरून ठेवलं.

लग्न झालं. मी रजेवर होते आणि रजा संपत आली होती. इतक्यात मीच अर्ज केलेली धुळ्याची बदली मंजूर होऊन आली. एके दिवशी सकाळी घरातलं आवरलं, पर्स घेतली आणि एक्सचेंजला चालत गेले. पायऱ्यांवर होते तेवढ्यात धाकटे दीर सायकल दामटत आले आणि "वहिनी, बाबांनी घरी बोलावलंय, आत्ताच," असं म्हणत चार माणसांदेखत मला परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला निरोप गेला, मुलीला समजावून जा, नाही तर घेऊन जा. पुढच्या सोमवारी मी हजर झाले नाही तर नोकरी जाणार होती. एवढंच होतं ते, नाना. पण माझ्यासाठी तेवढंच सगळं होतं.

तुम्ही आलात, पहूरच्या आबांना घेऊन. सासऱ्यांच्या ओट्यावर सतरंजी अंथरली. तुमचे जावई एका कोपऱ्यात सतरंजीचा दोरा उसवत बसले होते. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, आणि बाहेर ऊन असं की कावळे चोच उघडी टाकून बसले होते. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पहूरच्या आबांनी सुरुवात केली ती बाजारातल्यासारखीच. सरकारी नोकरी आहे, दोन वर्षं करू द्या, मग बघू, तुमचाही मान राहील. सासरे म्हणाले, "मान राहील कसा? तुमच्याच तोंडानं मंजूर म्हटलं ना? शब्द दिला की नाही दिला?" पहूरचे आबा गडबडले. तेव्हा तुम्ही, मुलीचे बाप, ज्यांनी बोलायचं नसतं ते, म्हणालात, "तू बस रे." मग सासऱ्यांना म्हणालात, आणि तुमचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो फाटलेला होता:

"शब्द मी नही दिधा. मनाकरता यानी दिधा. तिनाकरता मी गप बसनू. तिनी कधी दिधा?"

माझ्याकरता याने दिला, तिच्याकरता मी गप्प बसलो. तिने कधी दिला? सासरे म्हणाले, "पोरीला विचारून का कुठं बैठका होतात, नाना? तुम्हीच सांगा, तुम्ही एवढ्या केल्या." तुम्ही म्हणालात, "नही व्हतीस. पन मनी आंडेर आठेच शे. तिले इचारा." होत नाहीत, पण माझी मुलगी इथेच आहे. तिला विचारा.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. माझ्या हाताखालून परात ओढून घेतली आणि म्हणाल्या, "जाय, तुले बलाई राहिनात." जा, तुला बोलावताहेत. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले, कोपरापर्यंत कणीक. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे, आधी हात धुवायला हवे होते. मी म्हणाले, "मला काम करायचंय. घरचं सगळं करून करीन असं मी म्हणणार नाही, कारण ते मला जमेल की नाही मला माहीत नाही. पण काम मी सोडणार नाही." दिराने "अरे वा" केलं. सासरे बैठकीतल्या त्या काकांकडे वळून म्हणाले, "खोटं तरी बोलत नाही. इतक्या बैठका ऐकल्या, जमणार नाही म्हणणारा एक माणूस भेटला नव्हता." मग म्हणाले, पावसाळा संपेपर्यंत बघू. ते 'बघू' मी निवृत्त होईपर्यंत चाललं. सोमवारी मला एक्सचेंजपर्यंत सोडायला तुमचे जावई आले. पायऱ्यांपाशी म्हणाले, "संध्याकाळी मी इथेच उभा असेन." सरळ माणूस होता तो. तुमची निवड चुकली नव्हती, हे लिहून ठेवते.

आणि तरी मी तुमच्यावर चिडले होते. नोकरी टिकली ती माझ्या तोंडाने टिकली, तुमच्या नाही, हा माझा हिशेब. दिवाळीला माहेरी आले तेव्हा आईजवळ मोठ्याने म्हणाले, तुम्ही ओसरीवर आहात हे बघूनच म्हणाले, "जगातल्या पोरींना नाना, आणि मला माझी मीच." थोड्या वेळाने तुम्ही आत आलात आणि करंजीचं सारण चाखून आईला म्हणालात, गोड कमी आहे.

धुळ्याच्या त्या बोर्डावर मी बसले तेव्हा मला वाटायचं, मी तुमच्या कामाच्या अगदी उलट काम करते. आम्हाला सक्त नियम, दोघांना जोडून द्यायचं आणि मधे बोलायचं नाही. पण लाइन नेहमी खराब असायची. इकडचा तिकडच्याला ऐकू जायचा नाही, मला मात्र दोन्हीकडचं ऐकू यायचं. मग मधे पडावंच लागे. "ते विचारताहेत, बाळंतीण कशी आहे?" "सांगा, बरी आहे, मुलगा झाला." एकदा धुळ्याच्या एका माणसाने सुरतेला भावाला कॉल लावला होता. तिकडून नुसतं हॅलो हॅलो येत होतं. इकडचा माणूस ओरडून थकला आणि मला म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा हो. आई गेली म्हणावं." मी सांगितलं, "तुमचे भाऊ म्हणताहेत, आई गेली." तिकडच्याला नीट कळलं नाही. त्याने विचारलं, "कोण गेली?" तेव्हा माझ्या तोंडून भाऊ-बिऊ सगळं गळून पडलं. मी एवढंच म्हटलं, "आई गेली." आणि तो माणूस, ज्याचं मी तोंडही पाहिलं नाही, माझ्याशीच रडला. इकडचा भाऊ मला विचारत राहिला, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" मी काय सांगणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याचं बोलताना आपली जीभ कोरी राहत नाही. तुम्हाला सांगायचं होतं. पण पुढच्या खेपेला गावी आले तेव्हा सांगितलं नाही. आपण दोघं तेव्हा पाऊसपाण्यावरच बोलत होतो.

परवा हॉलमध्ये पहूरचे आबा आले होते. त्यांची पाठ वाकली आहे, हातात काठी आहे, पण बैठक म्हटली की बोलावलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. लोक जमेपर्यंत ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पोरी, आज तू नानाच्या जागी. तुले एक सांगायचं होतं." मग त्यांनी मला त्या टोपीचं सांगितलं. खूण काय होती ते, आणि माझ्या बैठकीत तुम्ही टोपी मांडीवर ठेवलीत तेव्हा ते काय समजले ते. "वैशाखाचं ऊन वं पोरी, बठ्ठ्यांच्याच टोप्या हातात होत्या. मले वाटलं, उकडतंय म्हणून काढली. आन् मी मंजूर म्हणून बसलो. नंतर त्याच्या तोंडाकडे पाहिलं तं समजलं, चुकलो." मी विचारलं, मग नाना तेव्हाच का बोलले नाहीत? ते म्हणाले, "सुपारी फुटल्यावर बाप बोलला तं बैठकच खोटी. हे त्यानंच आम्हाले शिकवलेलं." आणि मग दुसरी गोष्ट, जी मला माहीत नव्हती. धुळ्याच्या त्या दिवसानंतर तुम्हाला कुणी मधे बसायला बोलावलं नाही. ज्याच्या स्वतःच्या पोरीच्या बैठकीतला शब्द टिकला नाही, तो दुसऱ्याचा काय टिकवणार, असं लोक म्हणू लागले. सायकलवरून हाक मारणारे पुढच्या गल्लीत जाऊ लागले. आम्हाला वाटलं, नाना थकले, शेतात रमले. आई म्हणायची, बरं झालं, घरात तरी असतात. तुम्ही गेलात तोवर इतकी वर्षं लोटली होती की खांदा द्यायला आलेल्या पोरांना तुम्ही कोण होतात हेही ठाऊक नव्हतं.

मला राग आला, नाना. कुणाचा ते कळेना. आबांचा यावा तर समोर थरथरता म्हातारा. लोकांचा यावा तर ते सगळे स्मशानात. तेवढ्यात समोरून कुणीतरी म्हणालं, "चला, बोलून घेऊ या का?"

मुलाचा मामा बोलायला होता, तोंडात बडीशेप, आवाजात साखर. इकडची तिकडची स्तुती झाल्यावर त्याने हळूच काढलं. मुलगा नाशिकला, मुलगी पुण्याला नोकरीला. दोन घरं, दोन गावं कशी चालायची? मुलीने ती नोकरी सोडली तर... आमचा आग्रह नाही हं, पण. मी सरसावून बसले. याच वाक्यासाठी मी आयुष्यभर पाठांतर केलं होतं. मी असं बोलणार होते की त्या हॉलचा एसी बंद पडला असता. माझी नात समोर सोफ्यावर बसली होती, दाराआड नाही. तोंड उघडलं आणि का कुणास ठाऊक, भलतंच बाहेर पडलं. "तिलाच विचारा की. समोरच बसलीय."

नातीने फोन बाजूला ठेवला. "मी तर ती नोकरी कधीची सोडायला टेकलेय," ती म्हणाली. "बॉस वेडा आहे. लग्न झालं नाही तरी सोडणार आहे. मग नाशिकला शोधेन, नाही तर काही दिवस झोपेन."

हॉलभर हशा पिकला. मुलाचा मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! वकील एकीकडे, अशील दुसरीकडे." पहूरचे आबाही काठीवर हनुवटी टेकवून हसत होते. माझ्या तोंडातलं भाषण तसंच राहिलं, गरम घास राहावा तसं. लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, हसताना आधी तिच्याकडे बघतो.

गाडीत मी तिला झापलं. "एवढं होतं तर मला आधी सांगायचं नाही का? मी काय काय बोलणार होते." ती म्हणाली, "आजी, तू विचारलंस कुठे?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पहूरच्या वळणापर्यंत मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होते. वाटलं, थोडक्यात वाचले. आणखी एक वाक्य बोलले असते तर त्या पोरीला पुढची कितीतरी वर्षं माझ्या शब्दासाठी त्या वेड्या बॉसच्या हाताखाली काढावी लागली असती. किंवा मग माझा शब्द मोडावा लागला असता. तुमचा मोडला तसा.

आणि मग हे सुचलं, म्हणून हे लिहायला बसले. धुळ्याच्या ओट्यावर 'तिले इचारा' म्हणताना तुम्हाला तरी कुठे माहीत होतं मी काय सांगेन? आपलं बोलणंच झालं नव्हतं. तुम्ही आलात आणि थेट सतरंजीवर बसलात. नाही, नोकरी नको, असं मी म्हटलं असतं तर? तुमचा रिवाज मोडला, तुमचं नाव गेलं, आणि पोरीने चारचौघांत तुम्हालाच खोटं पाडलं, असं झालं असतं. ते सगळं पणाला लावून तुम्ही गप्प बसलात आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिलात. मी एवढी वर्षं मानत आले की माझ्यासाठी बोलायला कुणी नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. पत्रांवर माझा तसाही विश्वास नाही, मी टेलिफोनची बाई. मुलाला वाचून दाखवणार नाही, तो रडेल आणि सून मला औषध घेतलं का म्हणून विचारेल. पण एक गोष्ट राहिली आहे. ती फक्त सासूबाईंना माहीत होती आणि त्या सोबत घेऊन गेल्या. तुम्ही ओट्यावर बसला होतात, तेव्हा कणीक मळता मळता मी त्यांना म्हणाले होते, "जाऊ द्या आई, नाही जात मी कामाला. नानांना परत पाठवा, उन्हाचे आलेत." मी दमले होते, नाना. पायऱ्यांवरून चार लोकांदेखत परत आणलं तेव्हाच माझ्यातलं काहीतरी खाली बसलं होतं. तेवढ्यात तुमचं बोलणं ऐकू आलं आणि त्यांनी परात ओढून घेतली. मला काम करायचंय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मी उंबऱ्यापर्यंत चालत जाताना ठरवलं, आणि तेही एवढ्यासाठी की कुणीतरी विचारलं होतं.